‘जंतुरोधक’ या एका शब्दापायी: खरेदीचे निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वैद्यकीय साहित्याच्या खरेदीचे निकष ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष आणि सदस्य, गोवा

विषय: रुग्णाला लागणारे प्रत्येक प्लास्टिक आणि सिलिकोन ‘जंतुरोधक’ हवे, या अटीबाबत

सन्माननीय सदस्यहो,

नव्या दरकराराच्या मसुद्यात आपण एक ओळ घातली आहे. रुग्णाच्या अंगाला किंवा त्याच्या नमुन्याला लागणारे प्लास्टिक, रबर, सिलिकोन, जे काही असेल ते जंतुरोधक असावे, ९९.९ टक्के जंतू मरतात असा दाखला पुरवठादाराने जोडावा, आणि दाखला जोडलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळावे. ओळ वाचली की मान डोलवावीशी वाटते. जंतू मरू नयेत असे कोण म्हणेल? कोविडने आपल्या सगळ्यांच्याच मनात धास्ती बसवली आहे, त्यामुळे हेतूबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती यादीतल्या दोन वस्तूंबद्दल. एक, कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत किंवा अपघातात कान, नाक, डोळा गेलेल्यांसाठी आणि जन्मतः कान नसलेल्यांसाठी बनवायचा सिलिकोनचा अवयव. दुसरी, वीर्यतपासणीसाठी नमुना घ्यायची प्लास्टिकची डबी. या पत्राखाली सही करणाऱ्यांतले काही जण पहिली वस्तू घडवतात, बाकीचे दुसरी रोज हाताळतात. एरवी या दोन खोल्यांचा संबंध चहाच्या टपरीपुरताच. या ओळीने दोघांना एका कागदावर आणले, कारण दोन्हीकडे ती रुग्णाचेच नुकसान करते.

आधी डबी घेऊ, तिथला घोटाळा सरळ आहे.

२ ते ७ दिवस वीर्यस्खलन न होऊ देता नमुना द्यायचा, तो रुंद तोंडाच्या डबीत. रिकाम्या डबीचे वजन आधी करून झाकणावर नव्हे, डबीच्या अंगावर लिहून ठेवायचे. झाकणे बदलली जातात. नमुन्यासकट पुन्हा वजन केले की फरकाचा ग्रॅम म्हणजे साधारण मिलिलिटर. नंतर वीर्य पातळ होईपर्यंत डबी ३७ अंशांवर ठेवायची आणि शक्यतो अर्ध्या तासाने, उशिरात उशिरा तासाभरात शुक्राणूंची हालचाल बघायची. म्हणजे मोजणी होण्याआधी तो नमुना अर्धा-पाऊण तास, घरून आणला तर त्याहून जास्त वेळ, त्या प्लास्टिकलाच भिडलेला असतो.

आता त्या प्लास्टिकमध्ये जंतुरोधक म्हणून काय घालतील? स्वस्त आणि दाखला मिळवून देणारे ठरावीक पर्याय आहेत. त्यांतला एक चांदी, दुसरा क्वाटर्नरी अमोनियम वर्गातली संयुगे. ही संयुगे जिवाणूच्या बाहेरच्या पटलाला भोक पाडतात आणि आतले सगळे बाहेर येते. शुक्राणूलाही पटलच असते, तेही भलते नाजूक. याच वर्गातले बेन्झाल्कोनियम क्लोराईड फ्रान्समध्ये शुक्राणुनाशक म्हणून गर्भनिरोधक क्रीममध्ये वापरले गेले आहे. थोडक्यात, ज्या डबीत शुक्राणूंची हालचाल मोजायची तिच्याच भिंतीत गर्भनिरोधकाचे भावंड बसवा, असे आपण पुरवठादाराला लेखी सांगितले आहे.

भिंतीतले रसायन प्रत्येक डबीत सुटेलच असे आम्ही म्हणत नाही. ते प्लास्टिकला घट्ट बांधलेले असेल तर कमी सुटेल, नुसते मिसळलेले असेल तर जास्त. पण यातले काय आहे हे ९९.९ टक्क्यांच्या दाखल्यावरून कळत नाही, आणि सुटले तर काय होते ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीतल्या नियमपुस्तिकेत एकूण हालचालीची खालची संदर्भमर्यादा ४२ टक्के आहे, पुढे सरकणाऱ्या शुक्राणूंची ३० टक्के. एखाद्याची खरी हालचाल ४८ असेल आणि डबीने त्यातली दहा खाल्ली, तर अहवालात ३८ येईल. डॉक्टर सांगणार, पुन्हा तपासा. पुन्हा तपासले तरी ३८च, कारण डबीही त्याच लॉटमधली. मग औषधे, मग शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचून गर्भधारणा करण्याचा खर्च. त्या घरात काय बोलणी होतात ते वेगळे सांगायला नको.

यातली गोम अशी की संख्या नीटच येते. मेलेला शुक्राणूही न्यूबावर चेंबरच्या, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या काचेच्या, चौकटीत मोजला जातो. इओसिन-निग्रोसिनने रंगवून जिवंत किती ते पाहिल्याशिवाय संशयही येत नाही. प्रयोगशाळेत महिन्याच्या सगळ्या नमुन्यांच्या हालचालीची सरासरी आलेखावर मांडत असतील, तरच ‘नवी डबी आली आणि अख्ख्या तालुक्याची हालचाल पडली’ हे दिसते. तोवर महिना गेलेला असतो.

डबी निर्धोक आहे का हे बघायची पद्धत आहे, आणि ती कठीण नाही. चांगली संख्या आणि चांगली हालचाल असलेले काही नमुने संमतीने घ्यायचे. प्रत्येकाचे दोन भाग करायचे: अर्धा आधीच्या, खात्रीच्या डबीत, अर्धा नव्या डबीत. दोन्ही एकाच तापमानाला ठेवून दर तासाला हालचाल मोजायची, चार तास. प्रत्येक वाचनात निदान २०० शुक्राणू, तेही दोनदा. मोजणाऱ्याला कोणती डबी कोणती हे माहीत नको, नाहीतर डोळा मनासारखे बघतो. चार तासांनी दोन्हीकडचे आकडे जुळले तर डबी पास. लॉट बदलला की पुन्हा. इथिलीन ऑक्साईडने निर्जंतुक केलेल्या डब्यांचेही हेच, कारण त्या वायूचा उरलेला अंशही बाधतो. हातमोजेही याच चाळणीतून जायला हवेत, पण ते राहू द्या. मसुद्यात या चाचणीचा उल्लेख नाही. जंतू मरतात की नाही हे विचारले आहे, शुक्राणू जगतात की नाही हे विचारलेले नाही.

आता त्या ९९.९कडे येऊ, कारण दोन्ही वस्तूंचा घोळ त्याच्यापासून सुरू होतो.

बहुतेक पुरवठादार जो दाखला जोडतात तो आयएसओ २२१९६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पद्धतीचा असतो. मूळ पद्धत जपानची. त्यात ५० मिलिमीटरचा चौकोनी सपाट तुकडा घेतात, नवा कोरा. त्यावर जिवाणूंचे ०.४ मिलिलिटर पाणी टाकतात, वर ४० मिलिमीटरची पातळ फिल्म दाबतात, म्हणजे थेंब पसरून सगळीकडे पृष्ठभागाला चिकटतो. ३५ अंशांवर, दमट पेटीत, २४ तास. मग उरलेले जिवाणू धुऊन काढून, बशीत वाढवून, उगवलेल्या वसाहती मोजतात. बाजूला त्याच प्लास्टिकचा जंतुरोधक न घातलेला तुकडा असतो. ९९.९ टक्के म्हणजे २४ तासांनंतर या दोन तुकड्यांमधला फरक. सुरुवातीला टाकलेल्या जिवाणूंशी ती तुलना नाही. साध्या तुकड्यावर दिवसभरात वाढून १ कोटी झाले आणि जंतुरोधक तुकड्यावर १० हजार राहिले, तरी दाखला ९९.९चाच मिळतो. दहा हजार राहिले हे दाखल्यावर कोणी ठळक छापत नाही.

यात पद्धतीचा दोष नाही. ती तेवढ्याच कामासाठी आहे. दोन प्लास्टिकांची तुलना करायला उत्तम. पण तिच्यात दोन जिवाणू आहेत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि ई. कोलाय. बुरशी नाही. आणि चेहऱ्याच्या सिलिकोनवर आम्हाला सर्वांत जास्त छळणारी जी आहे ती कँडिडा अल्बिकन्स, म्हणजे बुरशी. जूनमध्ये कपाटातल्या चपलांवर आणि पट्ट्यांवर पांढरी पूड धरणाऱ्या प्रदेशात बुरशीची चाचणीच न मागता जंतुरोधक मागणे, हे आम्हाला खरोखर कोडे वाटते.

आणखी एक. काही पुरवठादार बशीतल्या जिवाणूंच्या थरावर तुकडा ठेवून त्याच्याभोवती मोकळे झालेले वर्तुळ दाखवतात, रंगीत फोटोसकट. वर्तुळ दिसले म्हणजे रसायन तुकड्यातून बाहेर झिरपते आहे. झिरपणारे एक दिवस संपते, आणि संपेपर्यंत त्वचेत जाते. उलट पृष्ठभागाला बांधलेले जंतुरोधक वर्तुळ करतच नाही, तरी स्पर्शाने मारत असते. म्हणून फोटोतले वर्तुळ मोठे तेवढे साहित्य चांगले असा हिशेब करू नये.

आता कान. मसुद्यात तो ‘नग’ आहे, ‘सिलिकोन कान, उजवा/डावा, १ नग’. हा नग कसा होतो ते सांगितल्याशिवाय जंतुरोधकाचा त्रास कळणार नाही.

माणसाला ताठ बसवून माप घ्यायचे. आडवे झोपवून घेतले तर गालाचे मांस मागे ओघळते आणि उभे राहिल्यावर कडा उघडी पडते. कानाचे भोक व्हॅसलीन लावलेल्या गॉजने बंद, केसांना व्हॅसलीन, मग अल्जिनेट ही माप घ्यायची लवचिक पेस्ट, त्याच्या पाठीवर गॉज आणि लवकर बसणारे प्लास्टर, नाहीतर काढताना माप वाकते. त्यातून डेंटल स्टोनची, म्हणजे कडक प्लास्टरची प्रतिकृती. दुसऱ्या कानाकडे बघून, उलटा करून, मेणात कान कोरायचा. हल्ली स्कॅनरने दुसऱ्या कानाची आरशातली प्रतिमा मिळते, तासन्‌तासांचे कोरणे वाचते, आम्ही ते आनंदाने वापरतो. पण मेणाचा कान चेहऱ्यावर लावून बघण्याला पर्याय नाही. माणसाला बोलायला, चावायला, हसायला सांगायचे. जबडा उघडला की कानापुढची त्वचा सरकते, आणि स्थिर फोटोत बिनचूक दिसणारी कडा तिथे बोटभर उघडते. चष्मा लावून बघायचे. मागून बघायचे, कारण रांगेत मागे उभा असलेला माणूस मागूनच बघतो.

मग तीन भागांचा साचा, उकळत्या पाण्याने मेण काढून टाकायचे, साबणाने धुवायचे, मेणाचा अंश राहिला तर तिथे सिलिकोन चकचकीत आणि ठिसूळ येतो. सिलिकोन प्लॅटिनमवर पकडणारा, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारा. नेहमीच्या वापरातल्या प्रकारांत प्रमाण वजनाने १० ला १, म्हणजे ४० ग्रॅम बेसला ४ ग्रॅम हार्डनर. डिजिटल काट्यावर, अंदाजाने नाही. रंग आतच मिसळायचा: आधी त्वचेचा मूळ रंग, मग कानाच्या पाळीचा लालसर, मग आतल्या खोबणीचा तपकिरी, आणि शिरांसाठी बारीक चिरलेले रेयॉनचे लाल-निळे धागे. निर्वात पेटीत ठेवले की मिश्रण फुगून वर येते आणि मग बसते. बसल्यावरही दहा मिनिटे थांबायचे. घाई केली तर बुडबुडा राहतो, आणि राहिलेला बुडबुडा कापला गेला की ते बुरशीचे घरटे. साच्यात थर लावत भरायचे, आवळायचे, साहित्याच्या सूचनेप्रमाणे तापवायचे.

प्लॅटिनम उत्प्रेरक मात्र भारी नखरेल आहे. गंधक, अमाईन, टिनची संयुगे यांपैकी कशाचाही वारा लागला की तो काम थांबवतो. साधा रबराचा हातमोजा घालून कोणी मिश्रणात बोट बुडवले, तर दुसऱ्या दिवशी साचा उघडल्यावर बोट लागलेली जागा चिकट, तोंडात धरलेल्या पेपरमिंटसारखी. बाकी कान घट्ट, एवढीच जागा ओली. म्हणून आम्ही नायट्राईलचे मोजे वापरतो आणि गंधक असलेली घडणीची माती साच्याजवळ येऊ देत नाही. रेझिनच्या थ्री-डी प्रिंटमध्ये थेट सिलिकोन ओतले की हाच प्रकार होतो. प्रिंट नीट धुऊन, पूर्ण पकडवून, वर लेप दिल्याशिवाय भरवसा नाही. असल्या साहित्यात पुरवठादार ‘जंतुरोधक भुकटी’ मिसळून पाठवणार, आणि तिच्यात काय आहे ते व्यापारी गुपित म्हणून सांगणार नाही. पकडले नाही तर दोष कोणाचा? साच्याचा, आमच्या हाताचा की भुकटीचा? ४० ग्रॅम सिलिकोन आणि दोन दिवस गेले ते गेलेच.

पकडले असे समजू. चांदीचे अतिसूक्ष्म कण सिलिकोनला पिवळट-तपकिरी झाक देतात, प्रमाण वाढले की राखाडी. ज्या खोलीत आम्ही दोन थेंब रंग इकडे-तिकडे करत अर्धा दिवस घालवतो, तिथे ही झाक आधीपासून घुसलेली. भुकटीचे गोळे राहिले तर त्वचेत विरणारी कडा, जी अर्ध्या मिलिमीटरहून पातळ ठेवतो, नेमकी त्या गोळ्यापासून फाटते. आणि सर्वांत गमतीची गोष्ट: गमने चिकटवायच्या कानाच्या आतल्या बाजूला रोज गमाचा थर असतो. वर तेल, घाम, पावडर. जंतुरोधक पृष्ठभाग आणि त्वचेवरचे जंतू यांची भेटच होत नाही. ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम पहिल्या सकाळी संपते.

त्वचेचा मुद्दा यापेक्षा गंभीर. कॅन्सरनंतर किरणोपचार घेतलेली त्वचा पातळ, कोरडी, चटकन सोलणारी असते. तिच्यावर हा अवयव दिवसाचे बारा-चौदा तास बसतो. आयएसओ १०९९३च्या मालिकेत पेशींवरचा विषारी परिणाम, त्वचेची ॲलर्जी, जळजळ यांच्या चाचण्या आहेत. पुरवठादार जो कागद जोडतात तो कोऱ्या सिलिकोनचा असतो. रंग, धागे, भुकटी मिसळलेल्या तयार तुकड्याचा नसतो. पीठ तपासून भाकरीचा दाखला द्यावा तसे हे.

पुढची तक्रार जंतुरोधकाची नाही, पण त्याच मसुद्यातली आहे. फोटो आणि मोबाईल स्कॅन पाठवायचे, तयार अवयव कुरिअरने यायचा, आणि मधल्या भेटींचे पैसे नाहीत. काणकोणहून पणजीपर्यंत ७० किलोमीटर येणाऱ्या माणसाचा त्रास वाचेल, असे त्यात लिहिले आहे. त्रास कळतो. पण मोबाईलचा स्कॅन कानामागची खोबण टिपत नाही, जबडा हलताना काय होते ते टिपत नाही, आणि रंग तर मुळीच टिपत नाही. दिव्याखाली जुळलेला रंग उन्हात हिरवट दिसतो, कारण दोन वेगवेगळी रंगद्रव्ये एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसतात. म्हणून आम्ही माणसाला खिडकीशी, मग ट्यूबखाली, मग बाहेर सावलीत उभा करतो. त्यातून गोव्याचा माणूस. रापणीच्या मासेमारीला जाणारा, काजूच्या बागेत राबणारा एप्रिलमध्ये एका रंगाचा आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या. कान मात्र तोच. एकाच साच्यातून दोन छटा ओतल्या, उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची, तर जास्तीचा खर्च साहित्यापुरता येतो. मसुद्यात ‘१ नग’ लिहिल्याने ते करता येत नाही.

आमच्या हवेचा विचार कुठेच नाही. चिकटवायच्या गमाने सकाळी नऊला धरलेले नाक पावसाळ्यात दुपारी घामाने सुटते. हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर अवयव बसवायची पद्धत स्वीडनमध्ये १९७९पासून कानांसाठी वापरात आली. तिथे गम लागत नाही, पण चुंबक लागतात, आणि निओडिमियमच्या चुंबकाचे कवच ओरखडले की खाऱ्या घामाने तो गंजतो. सिलिकोनवर तपकिरी कडे उमटते. चुंबक बदलायची तरतूद नाही. सिलिकोन आणि चुंबक धरणारी आतली ॲक्रिलिकची पट्टी जोडणारा प्रायमर यादीत नाही. दोन्ही नसताना पट्टी सुटते आणि मग ‘अवयव निकृष्ट’ असा शेरा येतो.

बुरशी कमी करायची असेल तर जे खरोखर चालते ते फारच साधे आहे. बुडबुडे नसलेला, गुळगुळीत पृष्ठभाग. रात्री अवयव काढून ठेवणे, त्वचेला हवा मिळू देणे. बोटाने चोळून गम काढणे, सौम्य साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश, स्वच्छ कापडावर पूर्ण वाळवणे. ओला अवयव झाकणाच्या डब्यात बंद करू नये. रॉकेलने गम काढू नये, सिलिकोन फुगतो. ब्लीच नको, रंग उडतो आणि चुंबक गंजतो. खोबरेल लावलेल्या त्वचेवर बसवू नये, गम सुटतो आणि तेल आत मुरते. खिडकीत उन्हाला ठेवू नये. हे सगळे एका पानात मावते. ते पान रुग्णाच्या हातात देऊन, त्याच्याकडून एकदा आमच्यासमोर करवून घ्यायला वीस मिनिटे लागतात. या वीस मिनिटांचे पैसे नाहीत, जंतुरोधक भुकटीचे आहेत.

आणि सगळे नीट केले तरी हा अवयव दीड-दोन वर्षांतच उतरणीला लागतो. ऊन, घाम, रोजची काढघाल यांनी कडा फाटते, रंग फिका पडतो. २०२१मध्ये म्युकरमायकोसिसने डोळा खोबणीसकट गमावलेल्यांना त्यानंतर जे अवयव मिळाले, त्यांचे आयुष्य कधीच उलटले. मसुद्यात ‘एका रुग्णास एकदा’ असे आहे. चष्म्याचा नंबर बदलतो हे मान्य करणारी व्यवस्था चेहऱ्याबाबत एकदाच का म्हणते, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

आमच्या मागण्या अशा. वीर्याच्या डबीवरून जंतुरोधकाची अट पूर्ण काढावी आणि उलट लिहावे की प्लास्टिकमध्ये जंतुरोधक घातलेले नसावे. प्रत्येक लॉटची वर सांगितलेली चार तासांची तुलना झाल्याशिवाय स्वीकृती नको. एका लॉटमधल्या डब्यांची रिकामी वजने एकसारखी आहेत का तेही पाहावे, म्हणजे घाईच्या दिवशी एखादी डबी न तोलता वापरली गेली तरी आकारमानात मोठी चूक होणार नाही.

चेहऱ्याच्या अवयवांवरून अट सक्तीची नको. कोणाला जंतुरोधक सिलिकोन द्यायचेच असेल तर त्याने तयार, रंगवलेल्या तुकड्याचा अहवाल द्यावा, कँडिडासह. नवा तुकडा आणि साबणाने वारंवार धुतलेला तुकडा, दोन्हींचा. टक्के नकोत, दोन्ही तुकड्यांवर उरलेल्या वसाहतींचे आकडे द्यावेत. भुकटीत काय आहे ते नावाने लिहावे. त्वचेच्या चाचण्या त्याच तयार तुकड्याच्या असाव्यात, आणि तो सिलिकोन आमच्या नेहमीच्या साच्यात एकदा पकडून दाखवावा.

नगाऐवजी टप्प्यांनी पैसे द्यावेत: माप, मेणाची चाचणी, ओतणे, रंग, आणि एका महिन्यानंतरची भेट. अवयव कुरिअरने आला तरी चालेल, पण मेणाची चाचणी आणि शेवटचा रंग चेहऱ्यासमोरच व्हायला हवेत. काणकोण, वाळपई, पेडण्याच्या रुग्णांसाठी महिन्यातून एक दिवस आम्ही तिकडे येऊ, पेटी आणि काटा गाडीत मावतो. एका साच्यातून दोन छटा, गम, प्रायमर, चुंबक हे साहित्यात धरावे. ठरावीक काळाने नवा अवयव मिळावा. आणि निकष ठरवताना टेबलाशी एक घडवणारा, एक मोजणारा आणि एक असा अवयव रोज लावणारा माणूस बसवावा. तिसऱ्याला विसरू नये. घाम आल्यावर नाक कुठून सुटते ते त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत असते.

मसुद्यावर सही होण्याआधी एक करता येईल. ज्यांनी डब्या देऊ केल्या आहेत त्यांच्या प्रत्येक लॉटमधून दहा डब्या आणि सिलिकोनचा शंभर ग्रॅमचा एकेक नमुना आमच्याकडे पाठवा. डब्या सकाळी आल्या आणि त्या दिवशी चांगले नमुने मिळाले, तर त्यांचे आकडे संध्याकाळी आपल्या टेबलावर असतील. सिलिकोनला साचा उघडायला दुसरा दिवस लागेल.

आपले,
चेहऱ्याचे कृत्रिम अवयव घडवणारे आणि वीर्यतपासणी करणारे तंत्रज्ञ, गोवा